एका लढाऊ विमानाची प्रतिकृती

मोठी वस्तू लहान आकारात घडवून पाहण्याची हौस मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांवर बुरूज असतात, तटबंदी असते, आळीव पेरून उगवलेली हिरवळ असते आणि सिंहासनावर शिवछत्रपतींची मूर्ती असते. किल्ला करणारी मुले मापाचा फारसा विचार करीत नाहीत. शिपाई दरवाज्यापेक्षा उंच असला, तरी त्यांच्या आनंदात उणेपणा येत नाही. कारण तो खेळ आहे. परंतु हीच हौस ज्या क्षणी मापाच्या आणि सत्याच्या बंधनात येते, त्या क्षणी खेळण्याची प्रतिकृती होते. खेळण्यात मूळ वस्तूचा भास असला म्हणजे पुरे. प्रतिकृतीत मूळ वस्तूचा अभ्यास असावा लागतो.

जहाजे, आगगाड्या, पूल, मंदिरे अशा अनेक वस्तूंच्या प्रतिकृती जगभर केल्या जातात. त्यांत दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या प्रतिकृतींना एक वेगळे स्थान आहे. सन १९३९ ते १९४५ या काळात विमानांच्या रचनेत जितक्या वेगाने बदल झाले, तितके क्वचितच कोणत्या यंत्रात झाले असतील. ती विमाने आता बहुतांशी नाहीशी झाली आहेत. थोडी संग्रहालयांत उभी आहेत, त्याहून थोडी अद्याप उडतात, आणि बाकीची छायाचित्रांत व नकाशांत उरली आहेत. अशा विमानाची मोठ्या प्रमाणातील प्रतिकृती बनविणे म्हणजे नष्ट झालेल्या वस्तूचे पुन्हा एकदा बारकाईने वाचन करणे होय.

ह्या कामाचा पाया म्हणजे प्रमाण. प्रतिकृतीचे प्रत्येक माप मूळ मापाच्या ठरावीक अंशाइतके असते. विमानांच्या बाबतीत १/७२, १/४८, १/३२ आणि १/२४ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. उदाहरणार्थ, हॉकर हरिकेन ह्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार १२.१९ मीटर होता. १/७२ प्रमाणात तो सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. १/२४ प्रमाणात मात्र जवळजवळ ५१ सेंटिमीटर होतो. पहिली प्रतिकृती तळहातावर मावते, तर दुसरीला टेबलाचा बराच भाग लागतो. ह्या मोठ्या प्रमाणात वैमानिकाची उंची सुमारे ७ सेंटिमीटर येते; त्यामुळे त्याच्या आसनाचे पट्टे, समोरच्या घड्याळांचे काटे आणि पत्र्यावरील खिळ्यांच्या ओळीही दाखविता येतात. किंबहुना त्या दाखवाव्याच लागतात. कारण मोठ्या प्रमाणात रिकामी जागा लपत नाही.

प्रमाणाचे गणित वरवर सोपे दिसते, पण त्यात एक मौज आहे. लांबी चोविसाव्या हिश्शाने कमी झाली, की पृष्ठभाग २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ पटींनी कमी होतो आणि घनफळ १३,८२४ पटींनी. उड्डाणाच्या वेळी सुमारे साडेतीन हजार किलोग्रॅम भरणारे हरिकेन विमान त्याच द्रव्याचे राखून १/२४ प्रमाणात लहान करता आले असते, तर त्याचे वजन अवघे पाव किलोग्रॅम झाले असते! उलट काही गोष्टी लहान होण्यास नकार देतात. खऱ्या विमानाचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असतो. प्रतिकृतीचे प्लॅस्टिक दीड मिलिमीटर जाड असले, तरी प्रमाणाच्या हिशेबाने ते ३६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासारखे ठरते. म्हणून जेथे जेथे पत्र्याची कड उघडी दिसते, तेथे तेथे कुशल कारागीर ती आतल्या बाजूने कानशीने घासून पातळ करतो. रंगाचा जाड थर, सांध्यातील केसभर फट, बोटाचा ठसा ह्या सर्वांना पाहणाऱ्याची नजर चोवीस पटींनी मोठे करते.

प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे संच येण्यापूर्वी अशा प्रतिकृती लाकूड कोरून केल्या जात. इंग्लंडमध्ये १९३६ साली १/७२ प्रमाणातील प्लॅस्टिकचे संच प्रथम विक्रीस आले. युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे स्वस्त व घोटीव प्लॅस्टिक प्रचारात आले, आणि पोलादी साच्यात तप्त प्लॅस्टिक दाबाने भरून अत्यंत सूक्ष्म तपशिलांचे तुकडे पाडता येऊ लागले. १९७० साली स्पिटफायर ह्या प्रसिद्ध विमानाचा १/२४ प्रमाणातील संच इंग्लंडमध्ये निघाला, आणि मोठ्या आकाराच्या प्रतिकृती सामान्य हौशी माणसाच्या आटोक्यात आल्या.

ह्या छंदाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, की युद्धकाळात विमानांच्या प्रतिकृतींवर माणसांचे प्राण अवलंबून होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, इंग्लंडच्या पूर्व भागावर शत्रूची विमाने आल्याची चुकीची सूचना मिळाली. तिकडे धावून गेलेल्या स्पिटफायर विमानांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यांतील एक वैमानिक मरण पावला. वेगाने जाणारे विमान क्षणभर दिसते. त्या क्षणात ते कोणाचे हे ओळखता आले नाही, तर मित्राच्या हातून मित्राचा घात होतो. म्हणून सैनिकांना विमाने ओळखण्याचे शिक्षण देण्याची निकड सर्वच देशांना भासू लागली.

अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या नौदलाने १९४२ साली ह्या कामी शाळांची मदत मागितली. पन्नास प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, अशा एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती विद्यार्थ्यांनी कराव्यात, अशी ती योजना होती. प्रमाण १/७२ ठरविण्यात आले व प्रतिकृती काळ्या रंगात रंगवावयाच्या होत्या. कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर दूरच्या विमानाची आकृतीच तेवढी दिसते, रंग दिसत नाही. दहा मीटरांवर धरलेली ही प्रतिकृती ७२० मीटरांवरील खऱ्या विमानाएवढी भासते. शाळेच्या सुतारशाळेत बसून लाकूड घासणाऱ्या मुलाने पंखाचा कोन चुकविला असता, तर ती चूक दूर समुद्रावरील एखाद्या तोफेवरच्या सैनिकापर्यंत पोहोचली असती. म्हणूनच प्रत्येक प्रतिकृती ठरलेल्या मापपट्ट्यांशी ताडून पाहिली जाई आणि न जुळणारी नाकारली जाई. नेमकेपणाचा हा वारसा प्रतिकृतिकारांनी पुढेही सांभाळला आहे.

आता एक विशिष्ट विमान समोर ठेवून ह्या कामाच्या पायऱ्या पाहू. वर उल्लेखिलेले हरिकेन हे ह्या दृष्टीने फार बोधप्रद विमान आहे. सिडनी कॅम ह्या अभियंत्याने त्याची रचना केली आणि ६ नोव्हेंबर १९३५ रोजी त्याने प्रथम आकाशात झेप घेतली. पुढे अशी चौदा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. १९४० साली ब्रिटनवर झालेल्या हवाई आक्रमणात शत्रूची सर्वांत अधिक विमाने ह्याच विमानाने पाडली. भारतीय वायुसेनेचाही ह्या विमानाशी निकटचा संबंध आहे. १९४४ साली जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा भारतीय वायुसेनेची क्रमांक एकची तुकडी हरिकेन विमाने घेऊन तेथे लढत होती. डोंगरांतून आणि अरण्यांतून खालून उडत शत्रूच्या हालचाली टिपणे हे तिचे मुख्य काम होते. तुकडीचे नेतृत्व स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग यांच्याकडे होते. त्या पराक्रमाबद्दल त्यांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. पुढे ते स्वतंत्र भारताच्या वायुसेनेचे प्रमुख झाले आणि २००२ साली त्यांना मार्शल ऑफ दि इंडियन एअर फोर्स हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. समजा, एखाद्या कारागिराने ह्याच आघाडीवरील हरिकेन १/२४ प्रमाणात घडविण्याचे ठरविले. तर त्याने काय करावे?

प्रथम त्याने हातात चाकू न घेता छायाचित्रे घ्यावीत. ‘हरिकेन’ असे नुसते म्हणणे त्याला पुरत नाही. कोणत्या वर्षाचे, कोणत्या आघाडीवरचे व कोणत्या आवृत्तीचे, हे ठरवावे लागते. पहिल्या आवृत्तीच्या पंखांत आठ मशिनगनी होत्या. पुढे एका उपप्रकारात त्या बारा झाल्या, आणि दुसऱ्या एका उपप्रकारात त्यांच्या जागी २० मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा आल्या. उष्ण व धुळीच्या प्रदेशांत पाठविलेल्या अनेक विमानांच्या नाकाखाली हवा गाळण्याची मोठी पेटी बसविलेली असे. तिच्यामुळे विमानाची हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. इंग्लंडमधील विमानाचे छायाचित्र पाहून ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमान घडविणारा कारागीर पहिल्याच पायरीवर घसरतो.

अभ्यास झाला म्हणजे संच उघडावा. त्यातील शेकडो तुकडे प्लॅस्टिकच्याच दांड्यांच्या चौकटींना जोडलेले असतात. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट अंश त्यांवर राहिलेला असतो आणि तो रंगाला धरू देत नाही. म्हणून चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवाव्या लागतात. तुकडा चौकटीपासून कधीही पिरगळून तोडू नये. धारदार पकडीने तो थोडा अंतर राखून कापावा आणि राहिलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासावा. चाकूची धार नेहमी बोटांपासून दूर असावी. डिंक लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहावा. ‘दोनदा मोजावे, एकदा कापावे’ हा सुतारांचा नियम येथेही तितकाच लागू आहे.

प्लॅस्टिक जोडण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ खरे पाहता डिंक नसून द्रावक असतो. तो दोन्ही पृष्ठभागांना किंचित विरघळवितो. ते एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकजीव तुकडा होतो. पातळ द्रावकाचा एक थेंब कुंचल्याने सांध्याच्या टोकाशी टेकविला, की केशाकर्षणाने तो फटीतून आपोआप धावत जातो. दिव्याच्या वातीत तेल चढते, तोच हा नियम. ह्या द्रावकाची वाफ श्वासावाटे जाणे हितकारक नसते. म्हणून हे काम उघड्या खिडकीपाशी आणि मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे.

बांधणीचा आरंभ पंखांपासून होत नाही. तो विमानाच्या गाभ्यापासून, म्हणजे वैमानिकाच्या कक्षापासून होतो. कारण धडाचे दोन अर्धे भाग एकदा जुळले, की आत हात पोहोचत नाही. हरिकेनच्या कक्षाला सलग तळ नव्हता. वैमानिकाच्या पायांखाली दोन पन्हाळी होत्या आणि त्यांच्या खाली विमानाचा नळ्यांचा सांगाडा उघडा दिसे. आतला रंग करडेपणाकडे झुकणारा फिकट हिरवा असे. समोरच्या फळीवर मध्यभागी सहा मुख्य उपकरणे असत : वेग, उंची, क्षितिज, दिशा, चढउतार आणि वळण दाखविणारी. ढगांत शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नाही. तेव्हा ह्या सहा तबकड्या हेच त्याचे डोळे होत. प्रतिकृतीत प्रत्येक तबकडीचा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर येतो. काळ्या जमिनीवर पांढरे आकडे उमटवून त्यांवर पारदर्शक रोगणाचा एकेक थेंब सोडला, म्हणजे काचेचा भास निर्माण होतो. आसनाचे पट्टे पातळ कागदाचे कापून त्यांना नैसर्गिक वळण द्यावे. सुकाणूच्या दांड्याच्या वरच्या टोकाला फावड्याच्या मुठीसारखे कडे असे. तेही विसरू नये.

त्यानंतर इंजिन. हरिकेनमध्ये रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन इंजिन असे. बारा सिलिंडरे सहा-सहाच्या दोन ओळींत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मांडलेली आणि त्यांचे एकूण घनफळ २७ लिटर, अशी त्याची रचना होती. संचातील इंजिनाला तारा व नळ्या क्वचितच दिलेल्या असतात. जुन्या विजेच्या दोरीतील तांब्याची बारीक तार काढून, ती रंगवून आणि छायाचित्राबरहुकूम वळवून कारागीर ही उणीव भरून काढतो. इंजिनावर झाकण बसविल्यावर ह्यातील बराच भाग दिसेनासा होतो. मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या काळच्या तंत्रज्ञांकडे आहे. झाकणाखालची एक तार सैल राहिली, तर वैमानिक परत येत नसे. न दिसणाऱ्या कामातही कुचराई करावयाची नाही, ही त्यांची शिस्त होती. प्रतिकृतिकार तीच आपल्या परीने पाळतो.

आतील काम आटोपल्यावर धड आणि पंख जुळवावेत. सांध्यांवर लांबी भरावी, ती वाळली की आधी खरखरीत व मग अधिकाधिक बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, आणि घासताना पुसल्या गेलेल्या पत्र्याच्या रेषा सुईने पुन्हा कोराव्यात. येथे हरिकेन विमान कारागिराच्या ज्ञानाची परीक्षा घेते. त्याच्या नाकाकडील भाग धातूच्या पत्र्याचा असे. परंतु वैमानिकाच्या कक्षामागील धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी कड्या व पट्ट्या बसवून त्यांवर ताणलेल्या कापडाचे असे. लाकडी पट्ट्यांमुळे कापडावर शेपटीपर्यंत जाणारे अस्पष्ट उभार दिसत. नवशिका कारागीर ते साच्याचे दोष समजून घासून टाकतो! वस्तुतः तेच ह्या विमानाचे वैशिष्ट्य आहे. लाकूड-कापडाच्या विमानांचे युग संपत होते व धातूचे युग सुरू होत होते. हरिकेनच्या अंगावर ह्या दोन्ही युगांची सीमारेषा उमटलेली आहे. ह्या जुन्या पद्धतीचा लाभही झाला. कापडातून गोळी आरपार गेली, तर ठिगळ लावून विमान लवकर पुन्हा कामास घेता येई. त्याची चाके आतल्या बाजूस मिटत आणि उघडल्यावर एकमेकांपासून चांगली दूर असत. त्यामुळे खडबडीत धावपट्टीवरही ते डगमगत नसे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हा गुण फार मोलाचा ठरला.

वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत बसविताना विशेष काळजी घ्यावी लागते. चटकन सुकणाऱ्या तीव्र डिंकाची वाफ त्यावर पांढरी साय धरते आणि सारे श्रम व्यर्थ जातात. म्हणून येथे लाकडासाठी वापरला जाणारा साधा पांढरा डिंकच योग्य. छताच्या चौकटीच्या पट्ट्या रंगविण्यासाठी काचेचा भाग चिकटपट्टीचे नेमके तुकडे लावून झाकतात.

आता रंगकाम. पुष्कळांना वाटते, की रंग म्हणजे शेवटची सजावट. वास्तविक रंगकाम हे प्रतिकृतीचे अर्धे जीवित आहे. प्रथम करड्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. त्यात घासण्याच्या कामातील सगळे दोष उघडे पडतात आणि ते वेळीच सुधारता येतात. नंतर खालच्या बाजूचा फिकट रंग आणि मग वरचे गडद रंग, असा क्रम असावा. कारण फिकट रंगावर गडद रंग सहज बसतो, उलट नाही. मोठ्या पृष्ठभागासाठी दाबाच्या हवेने रंगाचा तुषार उडविणारा एअरब्रश वापरतात. रंग दुधाइतका पातळ करून, एका जाड थराऐवजी तीन-चार विरळ थर देणे हिताचे असते. कुंचल्यानेही उत्तम काम होते. मात्र त्याला अधिक सवय आणि अधिक धीर लागतो.

युद्धातील विमानाचे रंग शोभेसाठी नसत. हरिकेनच्या वरच्या अंगावर गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगांचे नागमोडी पट्टे असत. वरून पाहणाऱ्या शत्रूला ते खालच्या शेतांत व रानांत मिसळून गेल्यासारखे दिसावे, हा त्यांचा हेतू. खालची बाजू फिकट असे. कारण खालून पाहणाऱ्याला मागे आकाश दिसते. प्रोपेलरच्या काळ्या पात्यांची टोके मात्र पिवळी रंगवीत. फिरणारी पाती दिसेनाशी होतात, तेव्हा जवळ काम करणाऱ्या माणसांना ते पिवळे वर्तुळ धोक्याची सूचना देई. मूळ रंगाची डबी जशीच्या तशी वापरली, तर प्रतिकृती वाजवीपेक्षा गडद दिसते, हाही एक अनुभवाचा नियम आहे. दूरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिकट होतो. दूरचे डोंगर निळसर दिसतात ते ह्याच कारणाने. प्रतिकृती म्हणजे दुरून पाहिलेले विमान; म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो.

ओळखचिन्हांची कथा तर फार उद्बोधक आहे. ब्रिटिश विमानांवर निळ्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी लाल ठिपका असे. परंतु पूर्वेकडील आघाडीवर शत्रू होता जपान, आणि जपानी विमानांचे चिन्ह होते लाल सूर्यबिंब. लढाईच्या धांदलीत लाल ठिपका दिसताच स्वकीयांकडून गोळी सुटण्याचा धोका होता. म्हणून त्या आघाडीवरील विमानांच्या चिन्हांतून लाल रंग वगळण्यात आला आणि गडद निळ्या कड्याच्या आत पांढरे अथवा फिकट निळे वर्तुळ ठेवण्यात आले. त्यामुळे इंफाळच्या हरिकेनवर लाल ठिपका रंगविणे ही केवळ रंगाची चूक होत नाही. त्या आघाडीवरील माणसे कोणत्या भीतीच्या छायेत उडत होती, हेच ती पुसून टाकते.

ही चिन्हे बहुधा पातळ फितीवर छापलेली असतात. ती पाण्यात भिजवून मूळ कागदावरून सरकवून पृष्ठभागावर आणतात. पृष्ठभाग खरखरीत असला, तर फितीखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग पडतात. म्हणून आधी चकचकीत रोगण देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करावा, चिन्हे बसवावीत आणि शेवटी निस्तेज रोगणाने सर्वत्र सारखेपणा आणावा.

शेवटी येतो झीज दाखविण्याचा भाग, आणि येथेच विवेकाची खरी कसोटी लागते. आघाडीवरचे विमान ऊन, पाऊस व धूळ सोसत उघड्यावर उभे असे. इंजिनातून निघणाऱ्या धुराचे करडे पट्टे धडावर मागे ओढलेले असत. तोफांच्या तोंडांमागे काजळी असे. पंखांच्या मुळाशी तंत्रज्ञांच्या बुटांनी रंग उडून चंदेरी धातू डोकावत असे. हे सर्व हलक्या हाताने दाखवावे. मात्र कोठे काय झिजते, ह्याचा विचार हवा. कक्षामागील धडावर चंदेरी ओरखडे काढणे हा अज्ञानाचा पुरावा होय. कारण तेथे धातू नाही, कापड आहे. कापडावरचा रंग उडाला, तर खालचा लालसर लेप दिसेल, धातू कदापि दिसणार नाही. हातात कुंचला आहे म्हणून डाग पाडावयाचे, की कारण आहे म्हणून डाग दाखवावयाचे, हा भेद ज्याला कळला, त्याला ही कला कळली.

अशी प्रतिकृती पुरी होण्यास अनेक महिने लागतात. तयार झालेले विमान टेबलावर उभे राहते, तेव्हा ते सुंदर दिसते. आणि ह्या सौंदर्याविषयी सावध असणे आवश्यक आहे. मूळ यंत्र संहारासाठी बनलेले होते. त्यात बसणारे तरुण बहुधा विशीतले असत, आणि त्यांतील कितीतरी परतले नाहीत. इंजिनाचा गडगडाट, तेलाचा उग्र वास, पावसाळी ढगांत दिशा हरवल्याची भीती ह्यांपैकी काहीही प्रतिकृतीत उतरत नाही. तिच्यात उतरते ते त्या माणसांच्या भोवतीचे जग : त्यांचे आसन, त्यांच्या डोळ्यांसमोरच्या तबकड्या, पाय ठेवून ठेवून झिजलेला पंख. ही रिकामी जागा जितक्या सत्यतेने घडवावी, तितकी तेथे बसणाऱ्याची आठवण अधिक स्पष्ट होते.

नवी दिल्लीतील पालम येथे भारतीय वायुसेनेच्या संग्रहालयात एक खरे हरिकेन जतन करून ठेवलेले आहे. ज्याने त्याची प्रतिकृती एकदा आपल्या हातांनी घडविली आहे, तो त्याच्यासमोर उभा राहिला, म्हणजे इतरांना जे केवळ जुने विमान वाटते, त्यात त्याला कापडाखालच्या लाकडी पट्ट्या, आत मिटणारी चाके आणि ठिगळ लावणाऱ्या तंत्रज्ञाचे हात दिसू लागतात. हातांनी मिळविलेल्या ज्ञानाची दृष्टी अशी असते. पाहण्याने जे कळत नाही, ते घडविण्याने कळते. आणि जे घडविताना माणसाने खोटेपणा केला नाही, ते त्याच्या मनात कायमचे घर करते.

स्वाध्याय

१. खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद स्पष्ट करा.
२. विमानांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९४२ साली शाळांची मदत का घेण्यात आली?
३. ‘हरिकेनच्या अंगावर दोन युगांची सीमारेषा उमटलेली आहे,’ ह्या विधानाचा अर्थ सांगा.
४. कारणे द्या : (अ) पूर्वेकडील आघाडीवरील विमानांच्या चिन्हांतून लाल रंग वगळण्यात आला. (आ) प्रतिकृतीच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो.
५. तुमच्या वर्गखोलीची लांबी, रुंदी व उंची मोजा आणि १/२४ प्रमाणातील मापे काढा.